तोंड पाहायचं नाही

२९ मार्च, शनिवार

आज शनी मीन राशीत गेला आणि माझी साडेसाती संपली. अमावस्या आणि शनिवार एकत्र आल्यामुळे मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. तेल वाहिलं, काळे उडीद वाहिले. मागे उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, “तुमी सुटल्या का?” म्हटलं, सुटले. ती मेष राशीची, तिची आजपासून सुरू. एवढंसं तोंड झालं होतं तिचं. माझ्याजवळचं उरलेलं तेल मी तिला देऊन टाकलं.

ही वही गीतांजलीताईंमुळे. आमच्या साईनगरच्या राममंदिरात त्या दर गुरुवारी प्रवचन करतात. त्यांचं म्हणणं, साठी आली की माणसानं रोज स्वतःकडे पाहावं आणि लिहावं. आज राग कुठे आला, जीव कशात अडकला, काय सोडलं. स्वतःला पाठीशी घालायचं नाही. मी बडनेऱ्याच्या तिकीट खिडकीवर आयुष्य काढलेली बाई. दुसऱ्याचं चुकलेलं मला लगेच दिसतं, स्वतःचं दिसायला जरा वेळ लागेल.

परवा रिटायर होते. सून प्रणाली बाळंतपणाला अकोल्याला माहेरी गेली आहे, दिवस भरत आले आहेत. शनी गेला, नोकरी चालली, नातवंड येतंय. देवानं सगळी आवराआवर एकदमच काढली म्हणायची.

३१ मार्च, सोमवार

शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेबांनी भाषणात सांगितलंच की मी नवऱ्याच्या जागेवर अनुकंपावर लागले. मी तीस-बत्तीस वर्षांत काय केलं ते राहिलं बाजूला. नितेश पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. आयटीआयमध्ये मुलांना वायरिंग शिकवतो, स्वतः आता बाप होणार, पण माझ्याकडे असा पाहत होता की शाळेच्या गॅदरिंगमधला नितेश आठवला. तो तीन महिन्यांचा असताना त्याचे बाबा कावीळ होऊन गेले. त्यानंतर आम्ही दोघंच.

जीव कशात अडकला: खुर्चीत. उठवत नव्हतं.

१० एप्रिल, गुरुवार

ताई आज म्हणाल्या, मुलं आपली नसतात, आपल्याकडे सांभाळायला दिलेली असतात. मला हे अगदी पटलं. शेजारच्या गोदाबाईला कोपरानं ढोसलं, कारण तिनं मुलाला अजून मुठीत ठेवलंय.

घरी आले तर नितेश म्हणे, बाळ झालं की पंधरा दिवस रजा टाकून अकोल्याला राहतो. जावयानं सासुरवाडीला पंधरा दिवस पडून राहायचं? मी बोलले ते बोलले. तो “बरं, पाहू” म्हणून पाळण्याला पॉलिश करत बसला. राग आला, हे मान्य करते.

१८ एप्रिल, शुक्रवार

मुलगा झाला. सकाळी प्रणालीच्या आईचा, सुंदराबाईंचा फोन आला, त्या आनंदानं रडतच होत्या. नितेशनं शर्टाच्या गुंड्या वरखाली लावल्या, बूट घातले आणि हेल्मेट हातात असून हेल्मेट शोधत घरभर फिरला. मी हसत होते. हसत हसतच भगवंतरावांना फोन लावला. ते आमचे ज्योतिषी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. त्यांनी जन्मवेळ विचारली आणि पंचांग उघडलं.

मूळ नक्षत्र, पहिला चरण. पहिला चरण बापाच्या जिवाला वाईट. हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मी जाऊन दारात उभी राहिले. नितेशला म्हटलं, “बूट काढ.”

“काहून?”

“पोरगा मूळचा आहे. मुळाची शांत होयपर्यंत बापानं तोंड पाहायचं नाई त्याचं.”

“आई, काहीबाही नको सांगू ना. जाऊन येतो, संध्याकाळी वापस.”

मी बाजूला झाले नाही. तो माझ्या खांद्यावरून हात पुढे करून कडीला लावायला लागला तेव्हा म्हटलं, “गेला तं माह्यं मेलेलं तोंड पाहशीन.”

त्यानं हात मागे घेतला. खाली बसून बूट काढले. मी लगेच देवापुढे साखर ठेवली.

राग आला नाही. मी शांतपणेच बोलले.

१९ एप्रिल, शनिवार

भगवंतराव स्वतः घरी आले. म्हणाले, शांत बाराव्या दिवशीही करता येते, नाहीतर मूळ नक्षत्र पुन्हा येईल तेव्हा, म्हणजे १६ मेला. पुढे म्हणाले, “आजकालचे लोक पोरगं पाह्यतात, मंग शांत करतात. आमी काही म्हनत नाई.”

नितेश उभाच राहिला. “मंग बाराव्या दिवशी करून टाकू. नाई तं आजच जातो मी.”

मी म्हटलं, १६ मे. करायचं तर पूर्ण करायचं, मूळ परत येईल तेव्हाच. भगवंतरावांनी चहा संपवला आणि “तुमची श्रद्धा” एवढंच म्हणाले. मी एवढी का अडून बसले हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२० एप्रिल, रविवार

प्रणालीची बहीण आरती हिनं बाळाचा फोटो स्टेटसला टाकला. नशीब, नितेशच्या आधी मी पाहिला. नितेशच्या मोबाइलवरून तिचं, सुंदराबाईंचं आणि प्रणालीचं सगळं बंद करवून घेतलं, स्टेटस, फोटो, व्हिडिओ कॉल. शास्त्र लिहिलं तेव्हा मोबाइल नव्हते, पण तोंड ते तोंड.

“आवाज तं आयकू शकतो ना?” नितेशनं विचारलं. भगवंतरावांना विचारून घेतलं, आवाजाला हरकत नाही. मग प्रणालीनं फोन बाळाजवळ धरला. नितेश गॅलरीत उकिडवा बसून ऐकत होता, दुसऱ्या कानावर हात दाबून. बाळ रडलं की हा हसायचा. मला पाहवेना, मी आत येऊन गहू निवडत बसले.

२२ एप्रिल, मंगळवार

एकटी अकोल्याला जाऊन आले. आजीला बंदी नाही. ऊन असं की स्टेशनवरून ऑटोत बसेपर्यंत जीव गेला. बाळाचं नाक थेट ह्यांचं, म्हणजे नितेशच्या बाबांचं. मांडीवर घेतलं आणि मी रडले, खोटं कशाला लिहू. सुखानं रडले.

प्रणाली उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “आई, मी बी देवधर्म करतो. नाई म्हनत नाई मी. पन हे आले असते तं बरं वाटलं असतं मले.” मी म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, “चार नाई ना.”

खिडकीजवळ नेऊन बाळाचे डोळे पाहिले तर पांढऱ्यात पिवळं. सुंदराबाई म्हणाल्या, “नव्या लेकरांले होतेच हो थोडीशी, विहीणबाई.” मी कोणाचं ऐकलं नाही, स्वतः सोबत जाऊन दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. मला पिवळ्या डोळ्यांची भीती वाटते. दुसऱ्या कशाची एवढी वाटत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

प्रवचन बुडालं. काल सुंदराबाईंचा फोन आला, कावीळ वाढली, कदाचित रक्त बदलावं लागेल, बापाची सही पाहिजे. नितेश मला न विचारता निघाला. मी त्याच्या मागेमागे बडनेऱ्याला गेले आणि त्याच गाडीत बसले.

दवाखान्यात काचेची खोली. आत पेट्या, निळा उजेड, लेकरांच्या डोळ्यांवर पट्ट्या. नितेशनं काचेकडे पाठ करून सही केली. डॉक्टर म्हणाले, वडील तुम्हीच ना, आत जाऊन पाहून घ्या. प्रणाली दाराशी स्टुलावर बसली होती, टाके ओले, पाय सुजलेले. ती म्हणाली, “या ना. एक डाव हात तरी लावा त्याले. मी एकटीच किती पाहू?”

नितेशनं चपला काढल्या.

मी त्याचा दंड धरला, भिंतीजवळ नेलं आणि इतकी वर्षं जे तोंडातून काढलं नव्हतं ते सांगितलं. “तू बी मूळचाच आहे. पहिल्याच चरनाचा. तुह्या बाबाले सांगतलं होतं सगळ्यायनं, त्यायनं आयकलं नाई. तू झाला त्याच दिवशी पेढे घेऊन धावत आले, तुले दोन्ही हातांत उचललं, अन् मंग सुटीभर खाली ठेवलं नाई. तीन महिन्यांत गेले ते.”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. “कोन म्हने असं?”

“तुही आजी म्हने. सारं गाव म्हने.”

“अन् तू?”

“मी कधी म्हटलं का तुले?”

त्यानं चपला परत घातल्या आणि जाऊन बाकड्यावर बसला. मला एवढं हलकं वाटलं! एका शब्दानं ऐकलं पोरानं. प्रणाली स्टुलावरून पाहत होती, तिला काय ऐकू आलं कोण जाणे. तिनं तोंड काचेकडे फिरवलं.

स्वतःला पाठीशी घालायचं नाही असं ठरलंय म्हणून लिहिते. सासू जे बोलायची ते मी कधीच खरं मानलं नाही. त्याच पायी तर हे गेल्यावर दर्यापूरकडचं सासर सोडलं, कारण ती पोराला मांडीवर घेत नव्हती. हे पिवळे पडले तेव्हा तिनंच गावातल्या वैदूकडून काविळीची माळ आणून ह्यांच्या गळ्यात घातली. माळ जसजशी लांब होते तसतशी कावीळ उतरते. ह्यांची माळ रोज लांब होत होती. छातीवरून पोटावर, पोटावरून मांडीवर. मी म्हटलं अमरावतीला न्यावं, तर म्हणाली, माळ पुरी होऊ दे, मधेच हलवायचं नाही. मग अन्न सुटलं, माणसं ओळखेनात. माळ गुडघ्यापर्यंत आली होती. म्हणजे उतरतच होती. सगळं नीट चाललं असताना माणूस जातो, तर त्याला दुसरं काही कारण असेल का?

२७ एप्रिल, रविवार

रक्त बदलावं लागलं नाही. बाळाची कावीळ उतरली, घरी सोडलं. मी अकरा नारळ बोलले होते, फेडले. नितेशला सांगितलं तर तो “बरं” म्हणाला.

५ मे, सोमवार

नितेश नीट जेवत नाही. ऊन आहे, कोणालाच जेवण जात नाही. आज चहा पिता पिता विचारलं, “बाबाले मी आवडत होतो?”

“लय. रात्री कुशीत घेऊन झोपत.”

“हं,” म्हणाला. मग म्हणाला, “नसतं घेतलं तं?”

मी म्हटलं, असं बोलायचं नाही, आणि कप उचलले. पोरं काहीही विचारतात.

८ मे, गुरुवार

प्रवचनानंतर ताईंना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “ताई, शांत ग्रहांची करताय की आपल्या भीतीची?” मला ते फार आवडलं. सुंदराबाईंना सांगायला पाहिजे, त्या सारख्या घाबरतात.

११ मे, रविवार

प्रणालीचा फोन मला आला. एरवी तिचा मला येत नाही.

“आई, हे आवाज बी नाई आयकून राहिले आता. मी फोन लेकराजवळ नेला की ठेवून देतात. तुमी काय सांगतलं यायले?”

मी म्हटलं, काही नाही, शांत झाली की सगळं ठीक होईल. ती म्हणाली, “मले माहीत आहे काय सांगतलं ते. मी तिथंच बसली होतो.” आणि ठेवून दिला. बाळंतिणीनं एवढं रागावू नये, दुधावर परिणाम होतो.

खरं म्हणजे मलाही भीती वाटतेय. कशाची ते नीट लिहिता येत नाही. नितेश माझ्या समोर, सुखरूप, चार हातांवर बसलेला असतो आणि मला सारखं त्याला हाक मारून पाहावंसं वाटतं.

१६ मे, शुक्रवार

शांत झाली.

सुंदराबाईंच्या अंगणात मांडव टाकला होता. सत्तावीस झाडांचा पाला, भोकं पाडलेला घडा, सगळं यथासांग. बाळाला सुपात ठेवून गाईपुढे धरलं, गाईनं हुंगलं. नितेश सगळ्या वेळ मान खाली घालून पाटावर बसून होता. प्रणाली बाळाला पदराआड घेऊन त्याच्या मागे. अभिषेकाचं पाणी दोघांवर पडलं तेव्हा दोघं एकदमच शहारली. मला वाटलं, संपलं आता.

मग काशाच्या वाटीत पातळ तूप आलं. बापानं पहिल्यांदा तोंड पाहायचं ते तुपात. प्रणालीनं बाळाला नितेशच्या खांद्यामागून पुढे धरलं. भगवंतराव म्हणाले, पाहा. नितेश वाकला. खूप वेळ वाकून होता. तूप सांडेल की काय अशी मला काळजी.

“दिसला का?” भगवंतरावांनी विचारलं.

“दिसलो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “दोघं बी दिसलो.”

“झालं मंग. आता फिरा, अन् घ्या लेकराले.”

नितेश फिरला नाही. वाटी दोन्ही हातांत तशीच. “गुरुजी, पोरापासून बापाले काय होते ते पाह्यतात तुमी. बापापासून पोराले काय होते, ते पाह्यता का?”

भगवंतराव म्हणाले, “तसं काही नसते हो.”

“कसं नसते? माह्या बाबानं मले उचललं नसतं तं ते असते. म्हंजे हात लावल्यानं होते ना? मंग माह्या हातानं याले काही झालं तं?”

मी म्हटलं, “नितेश, शांत झाली ना आता. घे त्याले. मी म्हनतो तं घे.” तो उठला, वाटी पाटावर ठेवली आणि मांडवाबाहेर जाऊन उन्हात उभा राहिला.

प्रणालीनं दोन्ही हात तसेच पुढे धरले होते, बाळाची मान एका तळव्यावर. तिनं ते हळूच मागे घेतलं, छातीशी लावलं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाजसुद्धा चढवला नाही. “आई, तुमचा पोरगा तुमी ठेवा. माहा मी सांभाळतो.”

सुंदराबाईंनी पंगत वाढली. कोणी धड जेवलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं नितेश आणि मी परत आलो.

२२ मे, गुरुवार

ताईंनी विचारलं, नातू कसा आहे. म्हटलं, छान आहे. प्रवचनाचा विषय वैराग्य होता. लक्ष लागलं नाही. नितेशला मी दोनदा म्हटलं, जा, अकोल्याला जाऊन ये, आता काही बंदी नाही. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यानं विचारलं, “तू जाऊ देशीन?” मी म्हटलं, देते ना. तो म्हणाला, “मलेच नाई जायचं.” ऐकून वाईट वाटलं. आणि तो घरीच राहणार म्हणून बरंही वाटलं. ताई म्हणतात लिहा, म्हणून हेही लिहिलं.

१ जून, रविवार

अकोल्याला आज बारसं झालं. आमंत्रण आरतीनं फोनवर दिलं, प्रणालीनं नाही. मी जरीचं टोपडं, चांदीचे वाळे आणि साडी घेऊन तयार झाले. नितेश आंघोळही न करता पंख्याखाली पडून होता. म्हटलं, तू नाही येत तर मी एकटी कोणत्या तोंडानं जाऊ? त्यानं कूस बदलली. मी साडी बदलली.

नाव काय ठेवलं ते आरतीनं संध्याकाळी कळवलं. मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं नितेशला सांगितलं. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

पाळणा त्याच्या खोलीतून काढून गच्चीवर ठेवलाय, झाकून. पावसाआधी खाली आणला पाहिजे.

१५ जून, रविवार

भगवंतराव रस्त्यात भेटले. म्हणाले, तुमचा काळ आता उत्तम आहे, शनी सुटला. मी हो म्हटलं. आणि आहेच. रिटायर झाले, औषध-गोळी नाही, मुलगा डोळ्यांसमोर आहे. वेळेवर ड्यूटीला जातो, वेळेवर घरी येतो, कुठलं व्यसन नाही. त्याला काही झालं नाही. मी देवाजवळ दुसरं काय मागितलं होतं?

फक्त घर फार शांत वाटतं. मी एकटीच बोलते. तो “हो”, “नाही”, “झालं” एवढंच बोलतो, तेही जमिनीकडे पाहून. जेवायला समोरासमोर बसतो, तर तो ताटाकडे पाहतो. मागे एकदा डबा देताना पाहिलं, त्यानं डबा घेतला आणि माझ्या बाजूनं भिंतीकडे पाहत निघून गेला. पहिल्यांदा वाटलं, मनाचे खेळ. मग आठवडाभर लक्ष ठेवलं.

आज त्याच्या आवडीची डाळभाजी केली होती. वाढायला म्हणून मुद्दाम त्याच्यापुढे वाकले, अगदी तोंडासमोर तोंड येईल इतकी. म्हटलं, “नितेश, पाह्य ना माह्याकडं.” त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. मी वाढून बाजूला होईपर्यंत उघडले नाहीत.

भाजीत तिखट जास्त झालं असेल. उद्यापासून कमी टाकीन.